पोटाच्या दुखण्यावर ‘डिप्रेशनची गोळी’ कशासाठी देतात?

आर्वी तालुक्यातील आमच्या गावचे एक काका गेल्या वर्षी कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सुमारास आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि त्यांनी खिशातून गोळ्यांची एक स्ट्रिप काढून माझ्यासमोर ठेवली. सात-आठ वर्षांपासून त्यांना पोटाचा त्रास आहे. सकाळी तीन-चार वेळा परसाकडे जावे लागते, जेवण झाले की मुरडा येतो आणि वर्ध्याला जायचे म्हटले की एसटीत बसण्याआधीच पोटात ढवळू लागते. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने मोठे आतडेही पाहून झाले. कशातच काही निघाले नाही. शेवटी डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक लहानशी गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवल्यावर काउंटरवरच्या मुलाने सहज विचारले, की ही डिप्रेशनची गोळी घरात कोणासाठी आहे? काकांनी गोळ्या विकत आणल्या, पण एकही घेतली नाही. “भाऊ, दुखते माहं पोट, अन् गोया देल्या डोक्याच्या. मी काय पागल झालो काय?” एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मी अठरा वर्षे तालुक्याच्या गावी फार्मासिस्ट म्हणून काम केले आहे आणि हाच प्रश्न मी स्वतःही अनेकदा, तितक्याच सहजपणे, काउंटरवरून विचारलेला आहे. त्या एका प्रश्नामुळे किती जणांनी औषध न घेताच ठेवून दिले असेल, याचा विचार तेव्हा कधी मनात आला नाही. म्हणून ही गोळी पोटावर नेमके काय करते, कोणाच्या पोटावर करते आणि कोणाच्या नाही, हे जरा सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आतड्याच्या जुनाट दुखण्यांची आपल्याकडे ‘पोटाचा विकार’ अशी एकच मोट बांधली जाते, पण त्यात दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि त्यांची नावे ऐकायला सारखी असल्याने गोंधळ आणखी वाढतो. पहिला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतडे दुर्बिणीला आणि सूक्ष्मदर्शकालाही धडधाकट दिसते. बिघडलेले असते ते त्याचे वागणे. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, शौचाला जाणे, शौचाला किती वेळा जावे लागते त्यातला बदल आणि घट्ट-पातळपणातला बदल यांपैकी निदान दोन गोष्टींशी त्या दुखण्याचा संबंध असेल आणि त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वी झालेली असेल, तर २०१६ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तो आयबीएस मानला जातो. दुसरा आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. यात आतड्याला खरोखर सूज येते, जखमा होतात, रक्त जाते, वजन घटते. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्याचा एक प्रकार मोठ्या आतड्यापुरता राहतो, तर क्रोन्स डिसीज हा दुसरा प्रकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, त्यांपैकी बरिल क्रोन यांचे नाव त्याला चिकटले. नैराश्यावरच्या औषधांचा उपयोग या दोन्ही आजारांत केला जातो, पण पहिल्यात ते मुख्य उपचारांपैकी एक असू शकते आणि दुसऱ्यात ते फक्त जोडीला असते. हा फरक लक्षात ठेवला नाही तर नुकसान होते, म्हणून त्याकडे पुन्हा येऊ.

आधी प्रश्न असा, की मनाच्या आजारावरचे औषध पोटावर चालतेच कसे? आपल्या बोलीत भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात कालवते. शरीरशास्त्र या बाबतीत बोलीच्या मागेच चालत आले आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी विणलेली असतात आणि त्यातील पेशींची संख्या दहा ते पन्नास कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. अन्न पुढे ढकलणे, मध्येच थांबवणे, पाचकरस सोडणे ही कामे हे जाळे मेंदूला न विचारताही करू शकते. मेंदू आणि आतडे यांना जोडणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे आणि तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू निरोप खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे नेतात. सेरोटोनिन या ज्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचे नाव आपण नैराश्याच्या संदर्भात ऐकतो, त्याचा शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक साठा मेंदूत नसून आतड्यात असतो. तेव्हा सेरोटोनिनवर परिणाम करणारी गोळी पोटात गेल्यावर तिला तिथे भरपूर काम सापडते, यात नवल काही नाही.

आयबीएसमध्ये या जाळ्याची संवेदना वाढलेली असते. आपल्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी वावराभोवती झटका मशीनची तार लावतात आणि तार कशाला लागली की भोंगा वाजतो. मशीन नीट असेल तर भोंगा डुक्कर आल्यावर वाजेल. पण बांधावरचे गवत वाढून तारेला टेकले, की तो रात्रभर वाजत राहतो आणि शेतकरी बॅटरी घेऊन धावतो, तर वावरात कोणीच नसते. आयबीएसच्या पोटाचे असेच आहे. तुरीच्या वरणाने होणारा गॅस, जेवणानंतर आतड्याची होणारी हालचाल या रोजच्या गोष्टी आहेत, पण त्यांचा निरोप मेंदूकडे दुखणे म्हणून जातो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आतड्यात छोटा फुगा घालून त्यात हळूहळू हवा भरली, तेव्हा निरोगी माणसांना ज्या आकाराचा त्रास होत नव्हता, तेवढ्याच फुग्याने आयबीएसच्या अनेक रुग्णांना वेदना झाल्या. अर्थात, रुग्ण नाटक करत नसतो. भोंगा खरोखरच वाजत असतो. कित्येकांचा हा त्रास पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार गॅस्ट्रोनंतर सुरू होतो: जंतू जातात, पण नसांची ती चिडखोर अवस्था मागे राहते. मनावरचा ताण हा भोंगा आणखी मोठा करतो, हेही खरे आहे. मात्र ताणाने त्रास वाढतो याचा अर्थ त्रास मनाचाच आहे असा होत नाही.

या कामासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी म्हणजे अमिट्रिप्टिलिन. हे औषध १९६१ मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी मंजूर झाले आणि ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग, मधुमेहात तळपायांची होणारी जळजळ, अर्धशिशी या सर्वांवर डॉक्टर अनेक वर्षांपासून तीच गोळी देत आले आहेत, आणि नागिणीसाठी ती घेणाऱ्या आजीला कोणी वेडी म्हणत नाही. औषधाला पहिल्या उपयोगावरून नाव पडते आणि ते नाव त्याला आयुष्यभर चिकटते. ताप उतरवायला निघालेली ॲस्पिरिन आज हृदयविकारासाठी घेतली जाते, एवढाच हा प्रकार आहे. शिवाय मात्रेचा फरक आहे. नैराश्यासाठी ही गोळी साधारणपणे रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम लागते. पोटासाठी सुरुवात १० मिलिग्रॅमने होते आणि बहुतेकांचे ३० मिलिग्रॅमच्या आत भागते. इतकी कमी मात्रा नैराश्य उतरवायला सहसा पुरत नाही, पण नसांकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप मंद करायला ती पुरते. त्याशिवाय ती आतड्याची गती कमी करते, म्हणून वारंवार पातळ शौचाला होणाऱ्यांना तिचा दुहेरी फायदा होतो, आणि झोप सुधारते, जी जुनाट दुखण्यात आधीच उडालेली असते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. इंग्लंडमध्ये झालेल्या ‘अटलांटिस’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आहारातील बदल आणि नेहमीची औषधे करूनही बरे न वाटलेल्या आयबीएसच्या ४६३ रुग्णांपैकी निम्म्यांना अमिट्रिप्टिलिन आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली गेली. सहा महिन्यांनी खऱ्या गोळीच्या गटातील ६१ टक्के लोकांनी आराम पडल्याचे सांगितले, तर खोट्या गोळीच्या गटातील ४५ टक्के लोकांनी. या चाचणीतील दोन गोष्टी मला आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की चिंता आणि नैराश्य यांच्या मोजमापात दोन गटांमध्ये फरक पडला नाही. म्हणजे पोटाला आलेला आराम मन सुधारल्यामुळे आलेला नव्हता. काकांच्या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. दुसरी ही, की ही सारी औषधे मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांनी नव्हे, तर साध्या फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि मात्रा किती वाढवायची हे रुग्णांनी एका माहितीपत्रकाच्या आधारे ठरवले होते. सिरोंच्याहून किंवा धारणीहून पोटाच्या तज्ज्ञाकडे जायला ज्यांचा अख्खा दिवस मोडतो, त्यांच्यासाठी ही बाब फार मोलाची आहे, कारण योग्य तपासणीनंतर हा उपचार जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरही चालवू शकतात. ४५ टक्क्यांचा आकडाही नजरेआड करू नये. गोळीचा फायदा खरा आहे, पण तो जादूचा नाही आणि सर्वांना होत नाही.

फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारखी नंतरची औषधे नैराश्यासाठी आज जास्त वापरली जातात. आयबीएसच्या पोटदुखीवर त्यांचा पुरावा कमकुवत आहे आणि अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये आयबीएससाठी अमिट्रिप्टिलिनच्या गटाची बाजू घेताना या दुसऱ्या गटाच्या विरोधात सल्ला दिला. ती आतड्याची गती वाढवतात, त्यामुळे काहींना जुलाब होतात. मात्र पोटाच्या त्रासासोबत खरोखरचे नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल, तर डॉक्टर हीच औषधे निवडू शकतात, आणि ते बरोबरच असते.

आता आयबीडी. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असलेल्या रुग्णाने एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, की नैराश्यावरचे कोणतेही औषध आतड्याची सूज आणि जखमा भरून काढते असे माणसांवरील संशोधनातून सिद्ध झालेले नाही. उंदरांवरील प्रयोगांत तसे काही संकेत मिळाले आहेत, पण त्यावर उपचार ठरवता येत नाहीत. मेसालामाइन, अझाथायोप्रिन, गरजेनुसार स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शने ही सूज कमी करणारी औषधे आहेत आणि ती सोडून या गोळीवर विसंबणे म्हणजे घर जळत असताना भोंग्याची वायर कापण्यासारखे आहे. तरीही डॉक्टर कधी कधी ही गोळी जोडीला देतात, त्याची दोन कारणे आहेत. सूज पूर्ण शांत झाल्यावरही आयबीडीच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना आयबीएससारखाच त्रास होत राहतो. तिथे सूज कमी करणारी औषधे वाढवून उपयोग नसतो, नसा शांत कराव्या लागतात. दुसरे असे, की आयबीडीच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत चिंतेची आणि एक चतुर्थांश रुग्णांत नैराश्याची लक्षणे आढळतात, आणि ज्याला दिवसातून दहा वेळा रक्ताची शौच होते, लग्नाच्या पंगतीला बसायची भीती वाटते, त्याला ती आढळू नयेत तरच आश्चर्य. त्या नैराश्यावर नैराश्याच्याच मात्रेत उपचार व्हायला हवा. पुन्हा त्रास सुरू झाल्यास तो सुजेचा आहे की नसांचा, हे ओळखायला शौचातील कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी मदत करते.

आपल्या भागात आयबीएसचा शिक्का मारण्याआधी थोडे जास्तच थांबावे, असे माझे मत आहे. पोटाचा टीबी भारतात अजूनही आढळतो आणि तो क्रोन्सशी इतका मिळताजुळता असतो, की दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तपासूनही कधी कधी निर्णय अवघड जातो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि सिकलसेलच्या झटक्यातही पोट जोरात दुखते. शौचावाटे रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, बारीक ताप येत असेल, अंगात रक्त कमी निघाले असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावे लागत असेल, किंवा चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर कोणतीही गोळी सुरू करण्याआधी पूर्ण तपासणी झाली पाहिजे.

गोळी कशी घ्यायची, यात खरी मेख आहे. पहिल्या आठवड्यात फायदा दिसत नाही. दिसतो तो तोंडाला पडणारा कोरडेपणा आणि सकाळी राहणारी गुंगी. पोटाला फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात बहुतेक जण गोळी सोडतात. गोळी झोपण्याच्या थोडी आधी घ्यावी असे सांगतात, पण ज्यांच्या फीडरला रात्रीची लाईट असते आणि बाराला उठून हरभऱ्याला ओलित करावे लागते, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अर्धवट झोपेत, अंधारात, विहिरीच्या काठावर किंवा मोटारीच्या स्टार्टरजवळ गुंगी असणे धोक्याचे आहे. तेच ट्रॅक्टर आणि थ्रेशरचे. गोळी संध्याकाळी लवकर घेणे किंवा मात्रा सावकाश वाढवणे असे मार्ग निघतात. दारू किंवा मोहाची घेतली असेल, तर गुंगी कित्येक पटींनी वाढते.

उन्हाळ्याबद्दल पुस्तकात एक ओळ असते, पण विदर्भात ती ठळक करायला हवी. हे औषध घाम येण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकते, आणि घाम आला नाही तर शरीर थंड होत नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ही गोळी घेणाऱ्याने भर दुपारी वावरात काम टाळावे, पाणी वाढवावे आणि चक्कर आली तर तिला ऊन लागणे समजून वेळेवर दवाखाना गाठावा.

काचबिंदू असलेले, प्रोस्टेट वाढल्याने लघवी अडणारे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा ठोक्यांची अनियमितता असलेले लोक यांना ही गोळी सहसा देत नाहीत. मुळातच बद्धकोष्ठ असेल तर ती ते वाढवते. अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, कारण दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. गरोदर बाईनेही न सांगता घेऊ नये. आणखी एक गोष्ट, जी मी काउंटरवरून पाहिली आहे: बाजारात अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड हे चिंता कमी करणारे औषध एकाच गोळीत मिळतात. सवय लागते ती या दुसऱ्या औषधाची. अमिट्रिप्टिलिनचे व्यसन लागत नाही, मात्र तीही एकदम बंद न करता काही आठवड्यांत उतरवत आणावी लागते. अन्यथा मळमळ, अस्वस्थता आणि झोप न लागणे असा त्रास होतो. गोळी लागू पडल्यास साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून डॉक्टर ती कमी करून पाहतात.

शेवटची बाब स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे. या गोळीची मोठी संख्या एकदम पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, आणि लहान मुलासाठी तर चार-पाच गोळ्याही घातक ठरू शकतात. म्हणून फवारणीच्या औषधाप्रमाणेच तिच्यासाठीही कुलपाची जागा हवी. घरात कोणी नापिकीने, कर्जाने किंवा आजाराने खचलेले असेल, तर एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या आणाव्यात आणि त्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात ठेवाव्यात. पंचविशीच्या आतील रुग्णांत नैराश्यावरची औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी त्या काळात लक्ष ठेवावे. मन खरोखर खचले असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीत, मोफत बोलता येते.

काकांनी दिवाळीनंतर गोळी सुरू केली. पंधराव्या दिवशी ते पुन्हा ओसरीवर आले, तोंड सुकते आणि फरक काहीच नाही अशी तक्रार घेऊन. तेव्हा बडीशेप चघळा आणि आणखी महिनाभर थांबा, एवढेच मी म्हणालो. डॉक्टरांनी गोळीची वेळ संध्याकाळी सातची करून दिली, कारण त्यांच्या वावरातली लाईट त्या आठवड्यांत रात्रीची होती. सध्या ते २० मिलिग्रॅमवर आहेत. सकाळी अजूनही दोन वेळा जावे लागते आणि सावजीची तर्री खाल्ली की पूर्वीसारखेच हाल होतात. पण फेब्रुवारीत वर्ध्याला जाताना ते एसटीत दाराजवळच्या सीटसाठी थांबले नाहीत, मागे खिडकीपाशी जाऊन बसले. दुकानात आता ते चिठ्ठी पुढे करतात आणि मुलाने तोंड उघडण्याआधीच सांगतात, “पोटाच्या नसाची गोई दे.”